मांडवीचा सुरेल शेजार

रत्नागिरीत घर शोधणाऱ्या गाणेवेड्याने मांडवीचा विचार आधी करावा. शहर लहान, म्हणून मैफल उशिरा संपली तरी घर गाठता येते. मुंबईत हे सुख नाही. जानेवारीच्या थंडीत थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेल्या त्या वास्तूसमोर तानपुरा जुळताना ऐकणे ही पर्वणीच. खल्वायन संस्था मैफली आणि संगीत नाटके जिवंत ठेवते. पण खरी पारख वाडीत होते. गणपतीत आरत्यांमागोमाग भजन रंगते. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापली की घर घुमते. शिमग्यात ग्रामदैवत भैरीच्या पालखीपुढे ढोल वाजतात. भाडे ठरवण्याआधी गणपतीतली एक रात्र इथे काढावी.