माळवद आणि छोटी गाडी

बालपणी ज्यांचा लळा लागतो, अशा गोष्टी पुढे दृष्टीआड झाल्या तरी मनातून जात नाहीत. बार्शीजवळच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलांच्या मनात अशा दोन गोष्टी घर करून राहिल्या : शेतातील वस्तीचे माळवद आणि समोरून धावणारी छोटी आगगाडी.

त्या गाडीला सारा मुलूख ‘बार्शी लाईट’ म्हणे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने हा मार्ग उभारला. १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत पहिली गाडी धावली. पुढे रूळ १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचले. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या गाडीच्या रुळांत ते साडेपाच फूट असते. अरुंद मार्गाला खर्च कमी लागे आणि वळणेही लहान घेता येत. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली, तरी लोकांच्या तोंडचे नाव तेच राहिले.

मुले शाळेसाठी बार्शीत राहत व सुट्टी लागताच वस्तीवर येत. घराच्या भिंती जाड दगडमातीच्या; वर लाकडी छत आणि त्यावर मातीचा थर. बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत असले, तरी आत सुखद गारवा असे. रात्री माळवदावर अंथरुणे पडत. आजीजवळ घड्याळ नव्हते. सकाळच्या गाडीची शिट्टी ऐकली की ती भाकरी थापायला बसे आणि संध्याकाळच्या शिट्टीला देवापुढे दिवा लावी. गाडी रखडली की घरातील न्याहारीही रखडे! पौषात शेतात आगटी पेटे, ज्वारीची कणसे भाजून हुरडा होई. आषाढीला वारकऱ्यांनी खच्चून भरलेली गाडी विठ्ठलनामाचा गजर करीत जाई. मुले माळवदावरून हात हालवीत आणि गाडीतील अनोळखी माणसेही हात हालवीत.

१९७२ साली पावसाने दगा दिला. विहीर आटली, बैल विकावे लागले, आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडू लागले. मुलांना मिरजेस आत्याकडे पाठवावे, असे आजोबांनी ठरविले. थोरली मुलगी बारा वर्षांची होती. ती म्हणाली, “मीही खडी फोडीन, पण मला इथेच राहू द्या.”

आजोबा म्हणाले, “पोरी, विहिरीला आज ना उद्या पाणी येईल; पण शाळेचे बुडालेले वर्ष परत यायचे नाही.”

जवळच्या स्थानकावर मुले गाडीत बसली. गाडी वस्तीसमोर आली, तेव्हा माळवदावर आजी उभी होती. आजवर मुले माळवदावरून प्रवाशांना निरोप देत. त्या दिवशी मुलेच प्रवासी झाली होती. वळण येईपर्यंत आजीचा हात हालताना दिसत होता.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, विहिरीला पाणी आले. मुले शिकली, आपापल्या उद्योगाला लागली. कालांतराने आजी-आजोबा गेले. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरावी लागते. ते करणारे कोणी उरले नाही आणि छत खचले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अरुंद रूळही टप्प्याटप्प्याने उखडून तेथे रुंद रूळ टाकण्यात आले.

याचे दुःख वाटणे साहजिक आहे. परंतु पूर्वी लहान डब्यांतील प्रत्येक पोते कुर्डुवाडीस उतरवून मोठ्या डब्यांत चढवावे लागे. हमालांच्या पाठी त्या ओझ्याखाली वाकत. आता माल तसाच पुढे जातो. माणसांचे कष्ट वाचविणारा बदल स्वागतार्हच मानला पाहिजे.

मातीचे घर पडते, लोखंडी रूळही उखडले जातात. परंतु स्वतः खडी फोडून मुलांच्या हाती पुस्तक देणाऱ्या वडीलधाऱ्यांची माया पुढच्या पिढ्यांनाही सावली देत राहते.