काळी दोनचा षड्ज

दिवाळीच्या आधी वरची कवळी बसली आणि माझा षड्ज गेला. जेवता येतं, बोलणं तर पूर्वीपेक्षा स्वच्छ झालंय असं बायको म्हणते. पण चौथ्या भोकातला ओव्हरब्लो उठत नाही. दंतवैद्यांना हे सांगितलं तर त्यांनी मला शेंगदाणे चावून दाखवायला लावले.

मी डायाटोनिक माउथ ऑर्गनवर जॅझ वाजवतो. ज्यांना एवढ्यावरून माझं दुखणं कळलं त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल.

माइल्स डेव्हिसची ‘सो व्हॉट’ ही १९५९ची रचना. सोळा बार पांढरी दोनचा काफी, मग आठ बार काळी दोनचा काफी, मग परत आठ बार पांढरी दोन. जॅझवाले त्याला डोरियन म्हणतात, सूर तेच. पांढरी एकच्या बाजावर पहिले सोळा बार म्हणजे बागेतला बाक, बसलं की झालं. पुढच्या आठांत मात्र काळी दोनला सा धरला की मधल्या सप्तकात घरचे सूर दोनच उरतात, रिषभ आणि धैवत. मध्यम सहाव्या भोकात, ओढता ओढता वाकवून मिळतो. गंधार पाचव्यात ओव्हरब्लोने, निषाद सातव्यात ओव्हरड्रॉने. आणि चौथ्या-सहाव्यातले ओव्हरब्लो कोण? षड्ज आणि पंचम. आपल्याकडे ज्या दोघांना अचल म्हणतात, तेच इथे सर्वांत डळमळीत. एकवीस वर्षं मी या आठ बारांत मुक्काम ठोकून आहे.

बेंड हा मींडेचा भाऊ, सूर वरून हळूहळू खाली आणता येतो. ओव्हरब्लोला असा जिना नाही. फुंकीची रीड गप्प करायची आणि त्याच फुंकीने ओढीच्या रीडला बोलतं करायचं. जिभेचं बूड आणि टाळू यांच्यात जी पोकळी लागते ती ना दाखवता येते, ना सांगता येते. केसभर चुकलं की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज. नीट लागला तरी तो किंचित उतरलेलाच लागतो, मग खालून खांदा देऊन वर ढकलायचा. नवा बाजा आणला की मी तो आधी उघडतो आणि टाचणीने रीडची फट कमी करतो. जास्त कमी झाली की साधी फुंकही गुदमरते. असे किती बाजे मारले ते बायकोला माहीत नाही. आता टाळूवर प्लास्टिकचा पत्रा आहे आणि पोकळीचा नकाशाच बदललाय. कवळी काढून पाहिलं. ओव्हरब्लोने थोडी हालचाल केली, पण ओठ आत गेले आणि एकटं भोक धरता येईना.

हॉवर्ड लेव्ही या अमेरिकन वादकाने १९७०च्या आसपास ओव्हरब्लो वापरून या दहा भोकांतून सगळे बारा सूर काढून दाखवले. आमच्याकडे अजूनही कार्यक्रमाला गेलं की फर्माईश एकच, ‘है अपना दिल तो आवारा’. त्यात १९५८ साली माउथ ऑर्गन वाजवला तो आर. डी. बर्मन यांनी, आणि सुंदर वाजवला. पण त्यानंतर आपण तिथेच बसलो. ट्रॅक लावायचा, त्यावर गाणं फुंकायचं, टाळ्या. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, मींड निघत नाही हे त्यातलं एक मोठं कारण. पेटीच्याच जातीची रीड असलेल्या या खिशातल्या बाजातून मींड निघते, पण त्याला कोणी विचारलंच नाही.

क्रोमॅटिकवाल्यांचा मला राग आहे. टूट्स थीलमन्स देव माणूस, त्यांना वगळून. बटण दाबलं की सगळं अर्ध्या स्वराने वर. म्हणजे माझी एकवीस वर्षं त्यांच्या एका बोटात. अंधेरीचे एक गृहस्थ काळी एकचा दुसरा डायाटोनिक हातात ठेवतात, आठ बारांपुरता तो तोंडाला लावतात आणि परत पहिला घेतात. अगदी सरळ मार्ग. ‘हे अंधेरीला गाडी बदलतात,’ असं मी चारचौघांत, त्यांच्यासमोर म्हणालो होतो.

खरं सांगायचं तर दहापैकी चार वेळा माझा षड्ज स्वच्छ लागायचा. लागायच्या आधी मी डोळे मिटून हनुवटी उचलायचो. अवघड काही येतंय, हे लोकांना कळावं म्हणून. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीतले एक म्हातारे ट्रम्पेटवादक, चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र यांच्या काळाच्या आठवणी सांगणारे, एकदा शांतपणे ऐकून म्हणाले, ‘तू गाण्यासाठी वाजवतोस की त्या भोकासाठी?’ मी दोन महिने त्यांच्याकडे गेलो नाही. परत गेलो तेव्हा ते इस्पितळात होते.

मुलुंडची एक मुलगी रविवारी शिकायला येते. नववीत आहे. तिला ओव्हरब्लो म्हणजे काय हे मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, नुसता वाजवून दाखवायचो, कवळीच्या आधी. तिसऱ्या रविवारी तिने चौथ्या भोकात फुंकलं आणि सूर उभा राहिला. ना किंचाळी, ना हनुवटी. ‘आजोबा, हाच ना?’

मी म्हणालो, ‘थोडा उतरलाय.’

काळी एकचा बाजा मागवलाय. दोन बाजे एका हातात कसे धरायचे हे विचारायला अंधेरीला फोनही केला; त्यांनी काही न बोलता रविवारची वेळ दिली. त्यामुळे येत्या रविवारी शिकवणी नाही. मुलगी हे मासिक वाचत नाही, तिची आई वाचते. वहिनी, शिकवणी नसल्याचा निरोप तिला द्याच, आणि हेही सांगा: त्या दिवशी तिचा षड्ज उतरलेला नव्हता.