असीरगड : दक्षिणेचा दरवाजा

आम्हां शाहपूरकरांना सीमेचे अप्रूप नाही. इच्छापूर मागे टाकून मुक्ताईनगरकडे निघाले की पाट्यांची भाषा बदलते, माणसांची नव्हे. सीमा म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने उलट दिशेस जावे. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर असीरगड उभा आहे.

सातपुड्यातील हा गड समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. त्याचा जन्म अग्नीतला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर गोठत गेला. म्हणून जपानच्या फुजीसारखा शंकू किंवा ज्वालामुखीचे विवर येथे शोधू नये. येथे दिसतात त्या पायऱ्या. या खडकाचे ‘ट्रॅप’ हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे. कठीण थरांचे उभे कडे झाले, मृदू थरांचे उतार झाले. तटबंदीचे अर्धे काम निसर्गानेच उरकले होते.

नर्मदा आणि तापी या दोन खोऱ्यांना जोडणारी वाट याच गडाच्या नजरेखालून जाते. म्हणूनच त्याला ‘दक्षिणेचा दरवाजा’ म्हणत. परंपरा गडाचे नाव आसा अहीर याच्याशी जोडते. पुढे तो खानदेशच्या फारुकी सुलतानांकडे आला. दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये अकबराने तो घेतला, तेव्हा मोगल साम्राज्य आणि दक्षिणी सुलतानशाह्या यांमधील हे दार उघडले. १८१९ मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांच्या किल्लेदाराकडून जिंकला. गडावर आजही मशीद आहे, शिवालय आहे, आणि पहाटे अश्वत्थामा तेथे पूजेस येतो ही लोकश्रद्धाही आहे.

राज्ये गेली, सीमाही सरकल्या. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत निमाड मध्य प्रदेशातच राहिला. आमची मुले शाळेत हिंदी वाचतात, घरी आजीशी मराठी बोलतात. आपण रेषेच्या पलीकडे राहून गेलो, असे त्यांच्या मनात येऊ नये, एवढीच शिक्षक म्हणून माझी तळमळ आहे. दरवाजाजवळ राहणाऱ्यास दोन्ही अंगणे आपली असतात. पावसाळा सरताच मुलांना गडावर न्यावे, आणि उत्तर व दक्षिण अशा दोन्ही दिशा एकाच जागी उभे राहून त्यांना दाखवाव्यात.