लग्नात चेलो वाजवायला बोलवायचा असेल तर

लग्नसराई लागली की आमच्या मावळात दोन गोष्टींचा भाव वाढतो. एक फुलांचा, दुसरा वाजवणाऱ्यांचा. फुलांचं मी इथे कायम लिहितो. आज दुसऱ्याचं लिहितोय, कारण गेल्या महिन्यात पुतणीच्या लग्नात आम्ही चेलो वाजवणाऱ्या एका ताईंना बोलावलं होतं. तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतंय, "ते मोठं व्हायोलिन कुठनं आणलं? केवढ्याला पडलं?"

आधी वाद्याबद्दल. चेलो व्हायोलिनच्याच घरातला, पण थोरला. चार तारा. खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरायचा, खालची लोखंडी दांडी जमिनीला टेकवायची आणि घोड्याच्या केसांच्या गजाला राळ लावून वाजवायचा. आवाज माणसाच्या गळ्याच्या अगदी जवळ जातो. वाद्य परकं वाटलं तरी आपल्या कानाला ओळखीचं आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे. त्यातले कितीतरी वादक पुढे मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. जुन्या हिंदी गाण्यांत मागून जो खोल, भरलेला आवाज येतो, तो पुष्कळदा चेलोचाच.

मी चेलो पहिल्यांदा समोर बघितला तो लोणावळ्याच्या एका बंगल्यावर, जरबेरा पोचवायला गेलो तेव्हा. वाजवणाऱ्या बाईंना बसवलं होतं जनरेटर आणि पाणीपुरीच्या स्टॉलच्या मधे. दोन तास त्या वाजवत होत्या. निघताना म्हणलं, "ताई, कुणी ऐकलं का?" त्या हसल्या. "फोटो पुष्कळ काढले." माझ्या फुलांचंही तिथे तेच होतं, पण फुलांना वाईट वाटत नाही.

पुतणीनं हट्ट धरला तेव्हा दादाच्या दोन हरकती होत्या. पहिली, आवाज रडका आहे, शुभकार्यात नको. दुसरी मात्र खरी होती. आमच्या घरच्या लग्नात शेजारच्या गावचे सनईवाले आबा वाजवतात. दादाच्या लग्नात त्यांचे वडील होते, माझ्या लग्नात ते स्वतः. डीजे आल्यापासून त्यांचं निम्मं काम गेलं, पोरं कंपनीत लागली. "आता मुंबईची बाई आणून आबांना घरी बसवायचं का?" दादा म्हणाला. पुतणी म्हणाली, "काका, आबा येणार नसतील तर मला चेलोपण नको."

मग आम्ही वाद्यं बघून वेळा वाटल्या. सनई ही मुळातच उघड्यावरची. नगारखान्यातून गावभर ऐकू जावी असा तिचा आवाज. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ती मैफिलीत नेली, पण आपल्या दारात ती मांडवाबाहेरच शोभते. चेलो उलटा, छपराखाली आणि जवळून ऐकायचा. म्हणून देवक, वऱ्हाडाचं स्वागत आणि पाठवणी आबांकडे. अक्षतांआधीची अर्धी घटका आणि मंगलाष्टकं चेलोकडे. डीजे फक्त हळदीला, तोही रात्री १० ला बंद. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद ठेवायचा नियम २००० सालचा आहे, नवीन काही नाही.

कुणाला बोलवायचंच असेल, तर इसार देण्याआधी एवढं बघा:

– बिनहाताची, सरळ पाठीची खुर्ची. हात असले तर गज अडतो.
– गवतावर किंवा मातीत दांडी रुतते. खाली फळी टाका.
– सावली पाहिजेच. लाकूड सरसानं जोडलेलं असतं, उन्हात जोड सुटतात. आपल्याकडे थंडीत संध्याकाळी दव पडतं, तेही वाद्याला चालत नाही. पावसाळ्यात तर उघड्यावर नावच काढू नका.
– जनरेटर लांब. पन्नास माणसांच्या अंगणात माइक नसला तरी भागतं, मोठ्या मांडवात लागतोच.
– गाडीत वाद्याला स्वतंत्र सीट धरा. डिकीत टाकायची वस्तू नाही ती.
– काय वाजवायचं ते त्यांनाच आधी विचारा. लग्नात पाखेलबेलच्या कॅननची फर्माईश फार होते. पण त्यात चेलोला तेच आठ सूर २८ वेळा वाजवायचे असतात, खरी गंमत वरच्या तीन व्हायोलिनमध्ये आहे. एकटा चेलो असेल तर बाखचं ऐका. त्यानं एकट्या चेलोसाठी सहा सूट लिहिलेत.

मंगलाष्टकांचं मात्र आम्हाला स्वतःच जुळवावं लागलं. ती बहुतेक शार्दूलविक्रीडितात असतात. ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा. गुरुजी कुठल्या पट्टीत म्हणतात ते ताईंनी आदल्या दिवशी फोनवर ऐकून घेतलं. चाल वाजवायची नाही, खालून एकच सूर धरायचा, असं दोघांचं ठरलं.

सगळ्यात अवघड काम वेगळंच होतं. आमच्याकडे मुहूर्त पाचचा असला तरी पुढाऱ्यांचे सत्कार आणि आशीर्वाद होईपर्यंत अक्षता पडायला सात वाजतात. दादानं आठ दिवस घरोघर जाऊन सांगितलं, सत्कार अक्षतांनंतर. दोघं रुसले. त्यातला एक आलाच नाही.

अंतरपाट धरला आणि सूर लागला तेव्हा मांडवात हजार माणूस होतं. पहिल्या अष्टकाला कुजबुज होती, तिसऱ्याला ती थांबली. गुरुजींनीही घाई केली नाही, बाराव्या अक्षरावर नीट थांबत गेले. अक्षता टाकायचं विसरलेली माणसं बघितली मी. आबा मांडवाच्या खांबाला टेकून शेवटपर्यंत उभे होते. नंतर जेवणाच्या पंगतीला ताईंच्या शेजारी बसून त्यांनी राळ हातात घेऊन बघितली आणि आपल्या सनईची पत्ती त्यांना दाखवली. ताईंनी ती ओठाला लावून बघितली. आवाज काही निघाला नाही, तेव्हा आबा जे हसले!

पाठवणीला सनई लागली आणि दादा आत निघून गेला. रात्री म्हणाला, "रडका आवाज आपल्याच सनईचा निघाला की."

पैशाचं विचाराल, तर आबा आणि ताई दोघांचं मिळून डीजेपेक्षा कमी पडलं. आकडा मेसेजवर विचारा, सांगतो. पण पैसे हा सोपा भाग आहे. ऐकायला अर्धा तास शांतता ठेवता येणार असेल, तरच बोलवा. नसेल तर राहू द्या. त्यापेक्षा चार हार जास्त घ्या, आमच्याकडून.

उद्या पहाटे जरबेराची तोड आहे. लोणावळ्याच्या दोन ऑर्डरी आहेत.