फ्लॉपी आणि सिंकिंग फंड

सव्वापाच इंची फ्लॉपी तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? मी शाळेत पाहिल्या त्या साडेतीन इंची. ही त्यांच्याही आधीची पिढी. मी राहतो त्या सॅन फ्रान्सिस्कोत मार्केट स्ट्रीटखालच्या बोगद्यातून म्युनीच्या गाड्या धावतात. त्यांचं नियंत्रण करणारी यंत्रणा १९९८ साली बसवली, आणि २०२४ मध्येही तिचं सॉफ्टवेअर रोज सकाळी अशाच फ्लॉप्यांवरून चढवलं जात होतं. "सिलिकॉन व्हॅलीच्या उंबऱ्यावर हे?" असं भारतातून कुणी फोनवर विचारलं, की मी सांगतो: प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, तिजोरीतल्या कप्प्यांचा आहे.

शहराच्या तिजोरीत ढोबळमानाने दोन कप्पे असतात. एक पगार, वीज, किरकोळ दुरुस्तीचा. तो दरवर्षी भरतो आणि दरवर्षी रिकामा होतो. दुसरा मोठ्या खरेदीचा. त्यासाठी कर्जरोखे काढायचे, फेडरल अनुदान मागायचं किंवा खास कर लावायचा. जुनी पण चालू असलेली यंत्रणा या दोन्हींच्या मध्ये अडकते. दुरुस्तीच्या पैशांत नवी येत नाही, आणि बंद पडलेली नाही म्हणून मोठ्या खर्चाची कुणाला घाई नसते.

जून २०२२ मध्ये वाहतुकीसाठी ४० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढे आला. ही यंत्रणा बदलण्याचं कामही त्यात होतं. सुमारे ६५ टक्के लोक 'हो' म्हणाले. पण हे रोखे मालमत्ता करातून फेडायचे होते, आणि त्यासाठी कॅलिफोर्नियात दोन तृतीयांश मतं लागतात. प्रस्ताव पडला. त्याच नोव्हेंबरमध्ये वाहतुकीसाठीचा अर्धा टक्का विक्रीकर २०५३ पर्यंत चालू ठेवायला मात्र मतदारांनी मान्यता दिली.

मी व्हिसावर, त्यामुळे दोन्ही वेळा मला मत नव्हतं. पण ८० डॉलरचे बूट घेतले, की त्यावर ४० सेंट मीही या खात्यात टाकतो. म्हणून एक गोष्ट विचारावीशी वाटते.

महाराष्ट्रातल्या सोसायटीत वाढलेल्यांना सिंकिंग फंड ठाऊक असतो. आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी जमा करायची. वार्षिक सभेत त्यावरून वाद होतात, कुणाची थकबाकी निघते. पण इमारत नवी असतानाच तिच्या म्हातारपणाची वर्गणी सुरू झालेली असते. १९९८ च्या यंत्रणेचं आयुष्य साधारण २० ते २५ वर्षांचं धरलं होतं. म्हणजे तारीख माहीत होती, तरी पैसे कुठून आणायचे हे ती उलटत आल्यावर मतदारांना विचारावं लागलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिताची रेलबरोबर २१.२ कोटी डॉलरचा करार मंजूर झाला. त्यात २० वर्षांचं तांत्रिक साहाय्यही धरलंय, हे बरं झालं. पण एकविसाव्या वर्षाचं काय?

तुमच्यापैकी अनेकांना इथे मतदानाचा हक्क आहे. तुमच्या गावात अशी नवी यंत्रणा मंजुरीला आली, तर किंमत बघाच. शिवाय ती बदलायची वेळ येईल तेव्हाचे पैसे कोण आणि कधीपासून साठवणार, तेही विचारा.