बाद होण्याचा हक्क

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाच्या तासाला मानाचे स्थान क्वचितच मिळते. गणिताचा पाठ मागे पडला की तो तास गणिताला जातो, परीक्षा जवळ आली की रद्द होतो आणि पाऊस लागला की मुले वर्गातच गलका करीत बसतात. तरीही ज्या दिवशी तो खरोखर होतो, त्या दिवशी मैदानाच्या कडेला पायरीवर किंवा झाडाच्या पारावर एक मूल बसलेले दिसते. त्याच्याभोवती इतरांच्या पाण्याच्या बाटल्या, घड्याळे, चपला यांचा ढीग असतो. ते मूल राखणदार असते. त्याच्या पालकांनी डॉक्टरांचा दाखला आणून दिलेला असतो, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे ‘सूट’ असा शेरा असतो.

आम्ही जवळजवळ तीस वर्षे मैदानावर शिट्टी फुंकली. असे किती राखणदार पाहिले याचा हिशेब ठेवला नाही. आरंभीच्या वर्षांत त्यांत पोलिओ झालेली मुले अधिक असत. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यामुळे कॅलिपर घातलेली मुले आता शाळेत फारशी दिसत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, स्वमग्नता ही नावे आता शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतात. शब्द बदलले, पूर्वी अपंग म्हणत, आता दिव्यांग म्हणतात. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. पायरी मात्र तीच राहिली.

सूट मागणाऱ्या आईवडिलांना आम्ही दोष देत नाही. एक माउली जूनमध्ये शाळा उघडताच दाखला घेऊन आली. मुलगा पाचवीतला, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. गुडघे एकमेकांना घासत, टाचा उचलून चालणारा. “सर, याला मैदानात नका घेऊ. पडला तर परत इस्पितळ. आणि पोरं हसतात ते वेगळंच,” ती म्हणाली. तिच्या म्हणण्यात चुकीचे काय होते? त्या मुलाला वाढविताना तिने जे सोसले त्याचा अंशही आम्हांला ठाऊक नव्हता. पण मुलाला व्यायामोपचार देणाऱ्या बाईंकडून समजलेली एक गोष्ट आम्ही तिच्या कानावर घातली. या विकारात स्नायू ताठर राहतात. वाढीच्या वयात हाडे लांब होतात, स्नायू त्या मानाने वाढत नाहीत. मूल दिवसभर गुडघे वाकवून बसून राहिले तर ते अधिकच आखडतात, आणि आठव्या वर्षी सरळ होणारा पाय चौदाव्या वर्षी सरळ होईनासा होतो. डॉक्टर तासाला सूट देऊ शकतात. आखडणारा स्नायू कोणाला सूट देत नाही. तिने दाखला पर्समध्ये परत ठेवला, फाडला नाही. आम्हीही फाडा म्हटले नाही.

अशा शरीराला खेळ हा औषधाइतका आवश्यक आहे, हे जगाला पटवून देणारा माणूस क्रीडाशिक्षक नव्हता. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील ज्यू मज्जातंतुतज्ज्ञ. नाझींच्या छळामुळे १९३९ साली देश सोडून ते इंग्लंडात आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथील इस्पितळात कण्याला इजा झालेल्या रुग्णांचा विभाग त्यांच्या हाती आला. त्या काळी कणा मोडलेला माणूस थोड्या दिवसांचा सोबती समजला जाई. अंथरुणात पडून पाठीला जखमा होत, मूत्रमार्गात जंतू शिरत आणि तो जाई. गुटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा शिरस्ता घातला, आणि अंगात थोडे बळ येताच त्याच्या हाती धनुष्य दिले. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. तिरंदाजीने दंड आणि पाठ बळकट होतात, बसल्या बसल्या तोल सावरण्याची सवय होते. शिवाय हा असा खेळ आहे की खुर्चीत बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी, इस्पितळाच्या आवारात सोळा जायबंदी स्त्रीपुरुषांचा तिरंदाजीचा सामना झाला. बारा वर्षांनी, १९६० साली, रोममध्ये २३ देशांचे ४०० खेळाडू जमले. तेथे पोप जॉन तेविसावे यांनी त्यांना आवर्जून भेट दिली आणि गुटमन यांना पक्षाघातग्रस्तांचे कुबेर्तँ म्हणून गौरविले. आधुनिक ऑलिंपिकच्या जनकाशी केलेली ही तुलना त्या डॉक्टरांना कोणत्याही पदकाहून मोठी वाटली असेल.

कर्णबधिरांनी तर कोणा डॉक्टरची वाटही पाहिली नाही. १९२४ सालीच पॅरिसमध्ये नऊ देशांच्या कर्णबधिर खेळाडूंचे सामने भरले, आणि ते भरविणारे यूजीन रुबेन्स-अल्के स्वतः कर्णबधिर होते. (आपल्या देशात अशा मुलांची पहिली शाळा मुंबईत माझगावला निघाली, ती १८८५ च्या सुमारास, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. आपल्या धर्मप्रांताच्या इतिहासातील हे पान आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.) आणि महाराष्ट्राचे म्हणाल तर सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर आहेत. ते लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी अधू झाले, उपचार म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. पाण्यात ते ३७ सेकंदांत पोहोचले, किताब त्यांच्यापर्यंत पोहोचायला ४६ वर्षे लागली.

असो. पदकांच्या गोष्टी प्रेरक असतात, पण पाचवीच्या वर्गाला त्या फारशा उपयोगी पडत नाहीत. तेथे प्रश्न वेगळाच असतो. त्या मुलाला मैदानात घेतले, पुढे काय?

येथे सूट देण्याहूनही वाईट असा एक प्रकार घडतो आणि तो नेहमी चांगल्या मनाची माणसे करतात. एका शाळेच्या क्रीडामहोत्सवात आम्ही पंच म्हणून बसलो होतो. शंभर मीटरच्या शर्यतीत कुबडी घेतलेला एक मुलगा होता. शिट्टी झाली आणि उरलेली सातही मुले रेंगाळू लागली. कोणी बुटाची नाडी बांधू लागला, कोणी उगाच मागे वळून पाहू लागला. कुबडीवाला पहिला आला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पाहुण्यांनी डोळे पुसले, एका बाईंनी त्याला पोटाशी धरले. बक्षीस घेऊन तो आमच्या शेजारून गेला तेव्हा सोबतच्या मुलाला हलक्या आवाजात विचारीत होता, “तुम्हांला कोणी सांगितलं होतं रे?”

सूट मुलाला मैदानाबाहेर ठेवते. अशी दया त्याला मैदानात आणून खेळाबाहेर ठेवते. मुलांना हा फरक कळतो; मोठ्यांना का कळत नाही हे आम्हांला उमगलेले नाही.

याला उपाय आहे आणि तो जुना आहे: नियम बदलावा, पण उघडपणे, सर्वांना सांगून, खेळ सुरू होण्याआधी. अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू टणक प्लॅस्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात छर्रे खुळखुळतात. गोलंदाज हात खाली ठेवून सरपटी चेंडू टाकतो. टाकण्याआधी फलंदाज तयार आहे का ते विचारतो आणि त्याचा होकार ऐकतो. अकरांपैकी किमान चार खेळाडू पूर्ण अंध असावेच लागतात. पूर्ण अंध फलंदाजाची एक धाव दोन धावांची मानतात आणि त्याने एक टप्पा पडल्यावर घेतलेला झेलही ग्राह्य धरतात. या खेळाचा पहिला विश्वचषक १९९८ साली नवी दिल्लीत झाला. एका धावेच्या दोन धावा, ही दया झाली नाही काय? मुळीच नाही, कारण ती नियमपुस्तकात लिहिलेली आहे. प्रतिपक्षाचा कर्णधार ती धरूनच डावपेच आखतो. आणि तोच अंध फलंदाज त्रिफळा उडाली की बाद होतो, मुकाट्याने परत जातो.

गोलबॉल हा खेळ दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४६ साली निघाला. त्यात सर्वच खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते, ज्याला काहीच दिसत नाही त्याच्याही. रेषांखाली दोरी घातलेली असते; ती हातापायांना लागते. चेंडूत घुंगरे असतात, आणि प्रेक्षकांना खेळ चालू असताना तोंड बंद ठेवावे लागते. आपल्या शाळेत हा खेळ रुजायचा असेल तर शेवटची अट सर्वांत कठीण जाईल.

आम्ही स्वतः हे शिकलो ते कुठल्या पुस्तकातून नव्हे. फार वर्षांपूर्वी सहावीत एक मुलगी होती. डावा पाय पोलिओने बारीक झालेला. मुलींनी लंगडीचा खेळ मांडला होता. खेळाचे हे नावच पाहा. अख्खा वर्ग हसत खेळत जे सोंग घेतो, ते तिचे रोजचे चालणे. पण गंमत अशी की सारा भार वर्षानुवर्षे उजव्या पायावर पेलल्याने तो पाय कमालीचा दणकट झाला होता. लंगडी घालण्यात ती कोणालाच हटणारी नव्हती. अडचण येई ती पळायची पाळी आली की. दोन्ही पायांनी पळताना ती पहिल्याच झटक्यात सापडे. तोडगा वर्गातल्या मुलींनीच काढला: ही ज्या तुकडीत पळायला उतरेल त्या तुकडीतल्या सर्वांनीच लंगडी घालत पळायचे, आणि चौकोन निम्मा करायचा. आम्ही फक्की मारून नवा चौकोन आखून दिला.

तिसऱ्या की चौथ्या मिनिटाला तिचा पाय टेकला असे पलीकडच्या मुली म्हणाल्या. ती म्हणाली, टेकला नाही. जोरदार भांडण झाले. “टेकला!” “खोटारडे, नाही टेकला!” वर्गात तिच्याशी तोवर कोणी भांडले नव्हते, सगळे तिचे दप्तर उचलीत, तिला वाट करून देत, तिच्याशी हळू बोलत. आम्ही तिला बाद दिले. ती तणतणत पायरीवर जाऊन बसली. पण त्या दिवशी त्या पायरीवर तिच्या आधी बाद झालेल्या चौघीजणी बसलेल्या होत्या, आणि थोड्याच वेळात पाचीजणी मिळून आमच्या पंचगिरीला नावे ठेवू लागल्या.

पाचवीतल्या त्या मुलासाठी लगोरी निवडली. त्याची नेम मारण्याची रेघ दोन पावले पुढे, आणि लगोरी रचताना चेंडू मारणाऱ्यांनी डाव्या हाताने मारायचा. हे सर्वांना आधी सांगितले. पहिल्या आठवड्यात तो तीनदा पडला, दोनदा गुडघा फुटला. सकाळच्या थंडीत आणि घाईगर्दीत असे स्नायू अधिक ताठ होतात, म्हणून त्याला सावकाश ताण देऊन अंग गरम करायला आधी दहा मिनिटे देत असू. त्याची आई कित्येक दिवस फाटकाबाहेर उभी राहून पाहत असे. एकदा त्याच्या पाठीत चेंडू सणसणीत बसला तेव्हा ती आत धावून येणार असे वाटले. पण मुलगा ओरडत होता, “मला नाही, सदऱ्याला लागला! मी आऊट नाही!” ती थांबली आणि पदर तोंडाशी धरून हसली.

अर्थात सर्वच गोष्टी उत्साहावर सोपवता येत नाहीत. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात; डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज त्यांना कोलांटउडी देऊ नये. कण्याला इजा झालेल्या मुलाला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, तापलेली फरशीही समजत नाही; त्याला सावली आणि पाणी यांची खबरदारी हवी. कर्णबधिर मुलांपुढे उभे राहताना ऊन शिक्षकाने आपल्या डोळ्यांवर घ्यावे, म्हणजे मुलांना ओठ आणि हात स्पष्ट दिसतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि रोज तीच क्रमवारी ठेवावी. दृष्टिहीन मुलाला हालचाल स्पर्शाने शिकवावी लागते. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलींना दोरीचा मल्लखांब शिकविला तो असाच. विचार केला तर त्या खेळात डोळ्यांचे काम थोडे, दोरी अंगालाच सांगते. यांपैकी काहीही शिकविण्याला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ, आणि साठ मुलांच्या वर्गाला एकच शिक्षक असतो. हे गाऱ्हाणे खरे आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांच्या क्रीडाहक्काचे कलम घातले तरी त्या कलमाने शिक्षक दोन होत नाहीत. म्हणून नियम बनविण्याचे काम आम्ही पुष्कळदा मुलांवर सोपवीत आलो. ती ते आमच्याहून लवकर आणि अधिक निष्ठुरपणे करतात, आणि येथे थोडा निष्ठुरपणाच हवा असतो.

सणाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामांत मुलांच्या शर्यती होतात, लिंबूचमचा होतो, पोत्यांची शर्यत होते. गेल्या खेपेस आमच्याकडे एका दृष्टिहीन मुलाला फुटबॉल खेळायचा होता. घुंगरांचा चेंडू कोठून आणणार? चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली की तो घरंगळताना वाजतो, हे आम्ही सांगितले, आणि सर्व दहा गड्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचे ठरले. पातळ पिशव्यांवर २०१८ पासून बंदी असल्याने त्या मिळेनात. कापडी पिशवी तर वाजतच नाही. अखेर कोणाच्या तरी आईने नव्या साडीचे कुरकुरीत वेष्टन आणून दिले. ते दहा मिनिटांत फाटले. दुसरे मिळेपर्यंत खेळ थांबला, आणि तेवढ्या वेळात गोल झाला की नाही यावर तो मुलगा गोलरक्षकाशी हमरीतुमरीवर आला होता.