जमा, खर्च आणि भडंग

माधवनगरला खोली घेतली त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लांबट वही आणली. बाबा दरमहा चार हजार रुपये पाठवतात आणि हिशेब कधीच मागत नाहीत. जत तालुक्यातल्या कोरडवाहू रानातून ते पैसे कसे निघतात हे मला ठाऊक आहे. म्हणून न मागितलेला हिशेब लिहावासा वाटतो.

खोलीभाडे, डबा, झेरॉक्स यांत सांगण्यासारखे काही नाही. सांगलीला कॉलेजात सायकलने जाते. गावी जायला एस.टी. १७ मार्च २०२३ पासून आम्हां बायकांना अर्धे तिकीट आहे. (बाबा चेष्टेने म्हणतात, "आता बाजाराला तुझ्या आईलाच पाठवतो!") तो वाचलेला पैसा पोस्टातल्या आवर्ती ठेवीत जातो. तिथे दरमहा १०० रुपयेसुद्धा चालतात, मुदत मात्र पाच वर्षांची. मी तीनशे भरते. धाकटीला पुढे शिकायचे आहे.

मैत्रीण म्हणते, "मोबाईलमध्ये सगळा खर्च दिसतोच की!" दिसतो खरा, पण कोणाला किती दिले एवढेच. कशासाठी दिले, ते हाताने लिहावे लागते.

'चैन' असा रकाना मी ठेवलेला नाही. 'नाटक व भडंग' असा आहे, आणि त्याचे दोनशे रुपये एक तारखेलाच बाजूला निघतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तिथे तीन वर्षे काढून नाटक न पाहता परतले, तर तो तोटा कोणत्या रकान्यात लिहू?

या महिन्यात मनासारखे नाटक लागले नाही. दोनशे रुपये पुढच्या पानावर ओढले आहेत.